पोत्यातले ज्ञानोबा-तुकोबा

ठाण्यात मोडीची बोंब असायची तो काळ मी पाहिलाय. टीएमटीच्या बसमध्ये कंडक्टर उरलेला रुपया तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचा आणि उतरताना तो आठवणीने मागून घ्यावा लागायचा. वाणी रुपयाच्या बदल्यात दोन गोळ्या हातावर टेकवायचा. आता चरईतल्या आमच्या गिरणीवाल्याकडे पाच रुपयांच्या नाण्यांची गोणी पडून असते आणि ती कुणी घेऊन जाईल का, हे तोच विचारतो. निम्मी गिऱ्हाइकं दळणाचे पैसे मोबाइलवरून देतात, उरलेली नाणी देतात, पण मोड परत मागणारं कुणी उरलेलं नाही. त्यामुळे आलेला खुर्दा साचत जातो.

गेल्या सव्वा वर्षात मी अशा गोण्या आणि पोती घरी आणून साधारण 41,000 नाणी एकेक करून पाहिली. ओळखीतल्यांना कळल्यापासून विचारणारे खूप भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना लाखाचं नाणं कसं ओळखायचं एवढंच हवं असतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवात आईपासून झाली. आई 82 वर्षांची आहे. तिला आता बारीक दिसत नाही, पण देवघरातल्या वाटीतली नाणी ती बोटांनी ओळखते. एका संध्याकाळी तिने दोन रुपयांचं एक नाणं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, “ह्याच्यावर नेहमीचा नकाशा नाही लागत हाताला. काय आहे बघ.” अकरा बाजूंचं जुनं दोन रुपयांचं नाणं होतं. त्यावर एरवी भारताचा नकाशा आणि झेंडा असतो. ह्याच्यावर संत तुकाराम होते, साल 2002. मी वाचून दाखवलं तशी तिने ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि लगेच विचारलं, “आणि माउलींचं?”

माउलींचंही आहे. 1999 साली एक रुपयाचं निघालं होतं. मी म्हटलं, “आई, विकत मिळतं ते. मागवतो.”

“विकत कशाला आणतोस? पैसा आहे तो, फिरत असेल कुठेतरी. फिरता फिरता येईल.”

एवढ्यावर माझा शोध ठरला. विकत घ्यायचं नाही, फिरत्या पैशातूनच काढायचं. त्यात मी माझ्याकडून दोन नावं घातली. एक 1999 चंच दोन रुपयांचं छत्रपती शिवाजी महाराजांचं नाणं. दुसरं 2003 चं, रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हाचं, कंदील घेतलेल्या भोलू हत्तीचं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आमच्या ठाण्यालाच येऊन थांबली होती. ठाण्यात राहून हे नाणं घरात नसावं, हे मला पटेना.

पहिली गोणी अर्थातच गिरणीची. दहा हजार रुपयांच्या नोटा देऊन पाच रुपयांची 2,000 नाणी घेतली. गोणी बारा-तेरा किलोची भरली आणि दुसऱ्या मजल्यावर नेताना हाताला वळ उठले. दोन रात्री बसून ती सगळी पाहिली. जवळजवळ सगळी 2009 नंतरची पिवळी, पितळी रंगाची नाणी. जुनी, जाड, पांढरी पाच रुपयांची फक्त चार. त्यानंतर स्टेशनजवळच्या एका वडापाववाल्याकडून आणि जांभळी नाक्यावरच्या दोन दुकानांतून थैल्या आणल्या. त्यांतही हेच.

इथे मला पहिली गोष्ट कळली, जी आधी कुणी सांगितली असती तर माझे तीन महिने वाचले असते. पोतं कुठून आलं, ह्यावर आत काय असेल ते ठरतं. गिरणीतला आणि वडापावच्या गाडीवरचा पैसा रोज हात बदलतो. त्यात वेगळं दिसणारं नाणं आलं की गिऱ्हाईक तरी कुरकुरतं किंवा दुकानदार तरी बाजूला काढतो. जुनी नाणी अशा वाहत्या पैशात टिकत नाहीत. जिथे पैसा थांबतो तिथे ती सापडतात: मुलांचे गल्ले, बंद घरातले डबे आणि देवळाची दानपेटी. पेटीत माणूस खिशातलं न चालणारं नाणंही टाकतो, आणि घरातल्या म्हातारीने वर्षानुवर्षं जपलेला बंदा रुपयाही टाकतो.

मग बँकेत गेलो. कॅशियरबाईंना नाण्यांची थैली मागितली तर त्यांनी नवी कोरी, सीलबंद थैली पुढे केली. म्हटलं, “मॅडम, मला वापरलेली हवीत.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “वापरलेली? ती देवस्थानांकडून येतात आमच्याकडे. नेता का खरंच? आमच्या तिजोरीत जागा अडते.” दर दोन-तीन आठवड्यांनी जायचं, एक आणि दोन रुपयांची मिळून साधारण 3,000 नाणी न्यायची, असं आमचं ठरून गेलं. त्या बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत.

देवळाचं पोतं उघडलं की आधी वास येतो. कापूर, उदबत्ती, आणि त्याखाली धातूचा तो ओला वास. नाण्यांच्या अक्षरांत कुंकू बसलेलं असतं, सिंहांच्या आयाळीत हळद. तळाशी अक्षता निघतात, विभूती निघते, एकदा मंगळसूत्रातला एक काळा मणी निघाला. आईच्या सांगण्यावरून ह्या सगळ्या वस्तू एका पुडीत ठेवतो आणि तुळशीच्या कुंडीत घालतो.

आता प्रत्यक्ष काम. जमिनीवर जुनी सुती चादर, तिच्यावर दोन पराती. टेबललॅम्प डाव्या बाजूने आणि खाली, म्हणजे उजेड नाण्यावरून आडवा जातो आणि उठाव स्पष्ट दिसतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचे शंभर भाग दाखवणारा छोटा काटा, आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. एवढंच सामान. ह्यात सगळ्यात जास्त वेळ वाचवतं ते लोहचुंबक.

कारण असं. 1975 पासून 1991 पर्यंतचे रुपये तांबं आणि निकेल ह्यांच्या मिश्रणाचे होते. 1992 पासून स्टेनलेस स्टीलचा रुपया आला. दोन रुपयांचं अकरा बाजूंचं नाणं मात्र 2004 पर्यंत तांबं-निकेलचंच राहिलं, आणि पाच रुपयांचं नऊ ग्रॅमचं जाड नाणंही तसंच. नाण्यासाठी वापरलेलं हे स्टील लोहचुंबकाला चिकटतं, तांबं-निकेल चिकटत नाही. परातीत नाणी पसरून वरून लोहचुंबक फिरवलं की स्टीलचे घोसच्या घोस उचलले जातात आणि खाली जी उरतात ती जुनी. दोन रुपयांच्या हजार नाण्यांतून ही ऐंशी-नव्वद नाणी पाच मिनिटांत वेगळी होतात. शिवराय, तुकोबा आणि भोलू हत्ती ह्याच उरलेल्यांत असतात. पाच रुपयांना ही युक्ती अर्धीच चालते, कारण 2009 नंतरचं पिवळं नाणंही चिकटत नाही. तिथे रंग आणि जाडी पाहावी लागते.

आईला लोहचुंबकाची गरज लागत नाही. ती नाणं फरशीवर अलगद टाकते आणि ऐकते. स्टील टिणटिण करून लगेच गप्प होतं, जुनं नाणं जरा खोल वाजतं आणि थोडा वेळ घुमतं. मी पंचवीस-तीस वेळा तिची परीक्षा घेतली, एकदाही चुकली नाही. तिची फसगत एकाच ठिकाणी होते. 2011 नंतरचं दोन रुपयांचं नाणं आणि 1992 पासूनचा जुना स्टीलचा रुपया, दोन्ही 25 मिलिमीटरचे आणि दोन्ही 4.85 ग्रॅमचे. आकार तोच, वजन तेच, धातू तोच, किंमत दुप्पट. ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं? 2019 साली दृष्टिहीनांना ओळखता यावीत अशी म्हणून नवी मालिका काढली, त्यातलं वीस रुपयांचं बारा बाजूंचं नाणं ती झटकन सांगते. पण जुनी नाणी चलनात आहेतच, त्यामुळे भाजीवाल्याशी तिचा घोळ अजून होतो. मला ह्या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

लोहचुंबकानंतरचं काम सावकाशीचं. प्रत्येक नाण्याचं साल आणि सालाच्या खालची खूण पाहायची. नाणं हातात घेऊन आपण किंमत बघतो, फार तर साल बघतो. त्याखालचा तो तिळाएवढा ठिपका मी पन्नाशी ओलांडेपर्यंत पाहिला नव्हता. आपल्याकडे चार टांकसाळी आहेत. मुंबईची खूण चौकट, पत्त्यांत असते तशी. हैदराबादची चांदणी. नोएडाची टांकसाळ 1988 ची, तिची खूण गोल ठिपका. कोलकात्याची खूणच नाही, सालाखाली जागा रिकामी म्हणजे कोलकाता. फोर्टातल्या टांकसाळीत पडलेलं नाणं ठाण्यात सापडावं ह्यात नवल काही नाही, पण माझ्या पोत्यांत कोलकात्याची आणि हैदराबादचीही भरपूर निघाली. देवळांत लांबून माणसं येतात, त्यांच्या खिशातून येत असणार.

आणि मग परदेशी खुणा. देशात नाणी कमी पडली तेव्हा सरकारने बाहेरच्या टांकसाळींतून नाणी पाडून आणली. 1985 चा रुपया असेल आणि सालाखाली इंग्रजी एच असेल तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. त्याच साली चौकटीची खूण असूनही रुपया मुंबईचा नसू शकतो. चौकट सालाच्या मधोमध नसून पहिल्या आकड्याखाली असेल तर तो वेल्समधल्या लँट्रिसंटचा. हा फरक मला पहिल्यांदा दिसला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि मी एकटाच मोठ्याने “अरे!” म्हणालो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला पुन्हा नाणी आणली. रुपयावर एम-के अशी अक्षरं असली की ते स्लोव्हाकियातलं क्रेम्निका, एमच्या डोक्यावर बारीक शून्य असलं की मेक्सिको, आणि पाच रुपयांच्या जाड नाण्यावर एम-एम-डी असलं की मॉस्को. तुकारामनगरीतल्या कुठल्या तरी बाईने देवापुढे टाकलेला रुपया स्लोव्हाकियात पडलेला असू शकतो, ही कल्पना मला अजून सोडत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, “लांबून आलाय बिचारा.”

अशा खुणांची नाणी दुर्मिळ असतात का? बहुतेक नाहीत. वापरून झिजलेल्या नाण्याला त्यासाठी फार पैसे कुणी देत नाही. पण सालवार आणि टांकसाळवार संच लावायला बसलात तर एकेक रिकामी जागा झोप उडवते. 1992 ते 2004 च्या कणसांच्या स्टीलच्या रुपयाचा माझा तक्ता आता भिंतीवर आहे, आणि त्यात अजून चार चौकोन मोकळे आहेत.

चुकीचा ठसा पडलेली नाणी ही ह्यातली खरी दुर्मिळ बाब. त्यासाठी दोन सवयी लावून घेतल्या. एक, नाणं बोटांत उभं धरून उजवीकडून डावीकडे पान उलटावं तसं उलटायचं. आपल्या नाण्यांत छापा उभा असेल तर काटाही उभाच दिसला पाहिजे. तिरका किंवा उलटा दिसला तर ठसे फिरलेले. 41,000 नाण्यांत अशी सात मिळाली, त्यांतली पाच अगदी थोडी फिरलेली. दुसरी सवय, चारी बाजूंचा काठ पाहायचा. एकीकडे काठ जाड आणि दुसरीकडे नाहीसा झाला असेल तर ठसा सरकलाय. असं ठळक सरकलेलं एकच मिळालं, दोन रुपयांचं, ज्यात चंद्रकोरीसारखी कोरी पट्टी राहिली होती आणि साल मात्र पूर्ण दिसत होतं. साल दिसणं महत्त्वाचं, त्याशिवाय संग्राहक हात आखडता घेतात. तिसरा प्रकार म्हणजे ज्याला नाणेवाले ‘लाखी’ म्हणतात. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या नाण्याच्या एका बाजूला सरळ चित्र, दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. लाखी मला मिळालेलं नाही. हातात घेऊन पाहिलंय फक्त, मुंबईतल्या एका नाणे-प्रदर्शनात.

त्याच प्रदर्शनात माझी एक चूक मला दाखवून दिली गेली. पहिला एच खुणेचा रुपया मिळाला तेव्हा तो काळवंडलेला होता, आणि मी त्याला तांब्याच्या तांब्यासारखा चिंच-मीठ लावून घासला. चकचकीत झाला, मला आनंद झाला. प्रदर्शनातल्या विक्रेत्याने भिंग न लावताच तो परत दिला. “धुतलंय हे. रंग बघा, तांबूस मारतोय. चरेही पडलेत.” वर्षानुवर्षांत नाण्यावर जो थर बसतो तो घालवला की परत आणता येत नाही. तेव्हापासून नियम एकच. फार चिकट मळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मऊ कापडावर टिपायचं, पुसायचंही नाही. कुंकू असेल तर राहू द्यायचं.

पोत्यात रुपया-दोन रुपयांखेरीज काय येतं तेही सांगतो. चार आणे निघतात, गेंड्याचे, 1988 नंतरचे. 30 जून 2011 नंतर चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, त्यामुळे मोजणीत सुटून आलेलं प्रत्येक चार आण्याचं नाणं म्हणजे माझ्या हिशोबात रुपयाचा खड्डा. आठ आणे मात्र कायद्याने आजही चालतात, बाजारात कुणी घेत नाही ही गोष्ट वेगळी. नेपाळची नाणी येतात. आणि सुरईचं चित्र असलेला अमिरातींचा एक दिरहम पाच वेळा आला. आखाताहून सुट्टीवर आलेल्या कुणी तरी नवसाचा टाकला असेल. एका दिरहमचे वीस रुपयांहून जास्त होतात, म्हणजे निव्वळ पैशाच्या दृष्टीने पाहिलं तर रुपयाच्या पोत्यात सर्वांत फायद्याची वस्तू हीच.

एकदा पाच रुपयांचं एक जाड नाणं बोटांना बुळबुळीत लागलं. अक्षरांच्या कडा बसक्या होत्या, काठावरची नक्षी अर्धवट. काट्यावर ठेवलं तर नऊ ग्रॅम हवं तिथे आठच्याही खाली. खोटं होतं. ते मी कॅशियरबाईंकडे नेऊन दिलं. असं नाणं पुन्हा बाजारात ढकलायचं नाही, मग ते पाच रुपयांचं का असेना. जाड नाण्यांवरून आठवलं, एका भंगारवाल्याने मला निरोप पाठवला होता, जुनी पाचची नाणी किलोवर घेतो म्हणून. चलनातलं नाणं वितळवणं हा 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. मी त्याला नाही म्हटलं आणि गिरणीवाल्यालाही सावध केलं.

आता त्या लाखाच्या नाण्याबद्दल. आमच्याच इमारतीतल्या एका वहिनींकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं होतं, 2012 चं. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत त्याचे दहा लाख मिळतात असं सांगितलं होतं. त्यांनी खालच्या नंबरवर फोन केला. समोरच्याने फोटो मागवला, अभिनंदन केलं, रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र पाठवलं आणि नोंदणीचे 2,100 रुपये भरायला सांगितले. वहिनी पैसे भरायच्या आधी वर आल्या, हे नशीब. मी माझ्या डब्यातून वैष्णोदेवीची तशीच चौदा नाणी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना रडू आलं, कारण मुलाच्या फीचा हिशोब त्यांनी मनात मांडून ठेवला होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर सांगितलंय की ती असा कुठलाही व्यवहार करत नाही, शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. हे वाक्य मी छापून इमारतीच्या फलकावर लावलं आहे. ज्या माणसांनी वहिनींना ते पत्र पाठवलं त्यांना मी माफ करू शकत नाही.

नाणी पाहून झाली की परत करायची. ह्या भागाबद्दल कुणी बोलत नाही, पण अर्धी मेहनत इथे आहे. जिथून घेतली तिथेच परत दिली तर तीच फिरून आपल्याकडे येतात, म्हणून मी दुसऱ्या बँकेच्या शाखेत माझ्या खात्यात भरतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवर सरळ नकार मिळाला. “मोजायला माणूस नाही, जागा नाही, उद्या या.” तीन ‘उद्या’ झाले. चौथ्या वेळी मी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रत नेली. शाखांनी नाणी नाकारायची नाहीत असं त्यात आहे, आणि शंभर-शंभरची प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून आणली तर सोयीचं, असंही आहे. मी तशीच बांधून नेली होती, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. मॅनेजरसाहेबांनी दोन पिशव्या मोजून घेतल्या, बरोबर भरल्या, बाकीच्या काट्यावर ठेवून घेतल्या. आता मंगळवारी दुपारी तीननंतर जातो, तेव्हा गर्दी नसते. भांडण्यापेक्षा शंभराच्या पिशव्या चोख बांधणं जास्त उपयोगी पडलं, पण परिपत्रकाची प्रत अजून पिशवीत असते.

हिशोब विचाराल तर सरकलेल्या ठशाचं ते नाणं 650 रुपयांना गेलं, आणि फिरलेल्या ठशाची दोन मिळून 400 ला. रिक्षा, भिंग, काटा, आल्बमची पानं ह्यांत त्याहून जास्त गेले. शिवराय एकूण 23 मिळाले, भोलू हत्ती नऊ. पहिला हत्ती मिळाला त्या दिवशी मी तो खिशात घालून ठाणे स्टेशनच्या एक नंबर फलाटावर जाऊन उभा राहिलो होतो. तुकोबा देवघरातले धरून सहा झाले. एक मी गिरणीवाल्याला दिला, तो देहूकडचा आहे.

माउली मात्र येईनात. स्टीलचा रुपया असल्याने तिथे लोहचुंबकाचा उपयोग नाही, एकेक पाहणं एवढाच मार्ग. माझे डोळे दीड तासात शिणायचे. मग आई म्हणाली, मला दे. जुन्या स्टीलच्या रुपयावर आकड्याच्या दोन्ही बाजूंना धान्याची कणसं असतात. ती अंगठा फिरवते आणि कणसं लागली की उजवीकडच्या परातीत टाकते. नाही लागली की डावीकडे, माझ्यापुढे. डावीकडे हाताच्या अंगठ्याचे रुपये येतात, चार रेघांचे येतात, कधी जयप्रकाश नारायण, कधी महाराणा प्रताप. शंभर नाण्यांना तिला सहा-सात मिनिटं लागतात, आणि ओठांत हरिपाठ चालू असतो.

कार्तिकात, बाराव्या पोत्याच्या वेळी, तिने एक रुपया डावीकडे टाकला आणि पुन्हा उचलून घेतला. दोन-तीनदा अंगठा फिरवला. “हा बघ रे आधी.” फार झिजलेला होता, कडेला कुंकू सुकून काळं पडलेलं. मी दिवा खाली ओढला. नाव वाचता आलं, साल वाचता आलं, 1999. मला लगेच बोलता येईना. तिनेच विचारलं, “आले का?”

“आले.”

तिने नाणं बराच वेळ मुठीत धरून ठेवलं. मी म्हटलं, कुंकू तसंच राहू दे, धुवायचं नाही. ती म्हणाली, धुवायचं कशाला, प्रसाद आहे तो. मग तिच्या लक्षात आलं की हा कुणाचा तरी देवाला वाहिलेला पैसा आहे. मी समजावलं की बँकेत आपण त्याचा रुपया भरलाय, देवळाला त्याचे पैसे मिळालेत. ते तिला पुरेसं वाटलं नाही. सकाळी कोपिनेश्वराच्या पेटीत ह्याच्या जागी दुसरा टाकून ये, म्हणाली, आणि एकाला एक नको, अकरा टाक. माउली तुकोबांच्या शेजारी वाटीत गेले.

परातीत अजून चारशेच्या वर रुपये बाकी होते. रात्रीचे साडेदहा झाले होते, दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी म्हटलं, आई, आता झोप. तिने पुढचं नाणं उचललं, अंगठा फिरवला आणि उजवीकडच्या परातीत टाकलं.